पुढचा शब्द

माझं नाव इथे सांगत नाही. एरवीही ते मला धड सांगता येत नाही. माझ्या आईवडिलांनी हौसेने असं नाव शोधून काढलं, की त्याच्या पहिल्याच अक्षराशी माझं जन्माचं वाकडं आहे. दुसरा एखादा शब्द अडला तर त्याचा भाऊबंद आणून त्याच्या जागी उभा करता येतो. 'भाकरी' अडली तर 'जेवण' म्हणता येतं, 'परवा' अडला तर सरळ वार सांगता येतो. नावाला पर्याय नसतो. त्यामुळे कुणी नाव विचारलं की मी खिशातून कार्ड काढून देतो, आणि लोकांना वाटतं, मोठा साहेब दिसतोय.

मी अडखळतो. लोक त्याला तोतरेपणा म्हणतात, म्हणोत बापडे. शब्द मला आठवत नाही असं नसतं, तो अगदी समोर उभा असतो. फक्त पावसात फुगलेल्या दारासारखं तोंड अडून बसतं, आणि जितका जोर लावावा तितकं जास्त अडतं. लहानपणी आईने वेखंड उगाळून चाटवलं, मामाने नवस केला, मास्तरांनी छडी वापरून पाहिली. कशाचाच उपयोग झाला नाही. गंमत म्हणजे एकटा असताना मी अजिबात अडखळत नाही. खोलीत कुणी नसेल तर मी पानंच्या पानं मोठ्याने वाचतो, भाषण ठोकतो, भांडतो. हे कुणाला खरं वाटत नाही, आणि दाखवून देण्याची सोयही नाही. बघायला कुणी आलं की मी एकटा राहत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मराठवाड्यातून दिल्लीला आलो, अधिकारी व्हायला. इंजिनिअरिंगची पदवी होती, घरच्यांचा विश्वास होता, आणि मुनिरका गावात एका जाटाच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. त्या गल्लीत दोन घरांच्या गच्च्यांमधून जेमतेम हात बाहेर काढता येईल इतकंच आकाश दिसायचं. लेखी परीक्षा मी पास झालो. तोंडी परीक्षेत काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मंडळी सज्जन होती. त्यांनी मला पाणी दिलं. मला त्या पाण्याचा राग अजून गेलेला नाही.

त्याच दिवसांत मला एक शोध लागला. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात मी दूध मागायला गेलो होतो आणि 'द'पाशी अडून उभा होतो. मागे माणसं खोळंबली होती. आमची घरमालकीण, डोक्यावर पदर आणि हातात हुक्का अशी म्हातारी, ओट्यावरून ओरडली, "अरे यो महाराष्ट्र का सै, इसनै हिंदी कोनी आती." याला हिंदी येत नाही म्हटल्यावर लगेच सगळ्यांचे चेहरे सैल झाले. दुकानदाराने हसत हसत एकेक वस्तू उचलून दाखवली. दाल? दही? दूध? मी मान हलवली. "दूध," त्याने मला शिकवलं, "दूध बोलते हैं इसको." मी पिशवी घेऊन खोलीवर आलो आणि दार लावून कितीतरी वेळ हसत बसलो. माझी हिंदी चांगली होती. रोजचं हिंदी वर्तमानपत्र मी शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. पण तोतरा माणूस बघून लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्या दुकानात कुणाच्याच चेहऱ्यावर आलं नव्हतं. परप्रांतातून आलेला, भाषा न येणारा माणूस एवढंच त्यांना दिसलं होतं, आणि त्याला मदत करायला माणसं धावतात.

मग मी तो गैरसमज तसाच राहू दिला. कुणाला मी काही खोटं सांगितलं नाही. मी फक्त अडायचो, पुढचं लोक समजून घ्यायचे.

परीक्षेचा नाद सोडल्यावर मला गुडगावच्या एका सल्लागार कंपनीत नोकरी मिळाली. तेव्हा गुडगाव अजून पुरतं शहर झालं नव्हतं. मोहरीच्या शेतात मधेच एखादी काचेची इमारत उभी असायची आणि तिच्या गेटसमोर म्हशी बसलेल्या असायच्या. परदेशी कंपन्या येत होत्या, त्यांच्या साहेबांना राहायला उंच इमारती हव्या होत्या, आणि त्या इमारतींना पाणी आणि संडास लागत होते. ते माझं काम. कुठल्या भिंतीतून कुठला पाइप जाणार याची ड्रॉइंग मी करायचो. हे काम मला फार आवडायचं, कारण पाइप बोलत नाहीत.

ऑफिसात माझं बस्तान बसलं ते 'हिंदी न येणारा माणूस' म्हणूनच. आमचे बॉस पंजाबी होते, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. मी तोंड उघडलं की ते माझं वाक्य अर्ध्यातून झेलायचे आणि पूर्ण करून टाकायचे. त्यांचं बघून सगळे तेच करू लागले. मी 'चार इंच' म्हणायला जावं, तर 'चा'वरच कुणीतरी चहा सांगून मोकळं व्हायचं. मी तो चहा पीत असे. मला सुट्टी हवी असताना 'स'वरच त्यांनी माझी रवानगी साइटवर केली, कारण त्यांच्या मते मी तेच मागत होतो. मी आठवडाभर साइटवर जाऊन आलो. सगळे प्रेमाने वागायचे, डब्यातला पराठा माझ्या ताटात टाकायचे, पण वर्षं उलटली आणि माझ्या लक्षात आलं, की या शहरात आल्यापासून मी एकही वाक्य शेवटपर्यंत बोललेलो नाही. माझं प्रत्येक वाक्य दुसऱ्याच कुणीतरी संपवलेलं होतं.

आणि मराठी माणसांना तर मी टाळतच होतो. त्यांच्यापुढे ही सबब चालणार नव्हती. मुनिरकातली मराठी मुलं रविवारी कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या सदनात जेवायला जायची, आमटी-भातासाठी आणि त्याहून जास्त, मराठीत मोठ्याने बोलायला मिळावं म्हणून. मला बोलवायची. मी पोट बिघडलंय असं सांगायचो. माझं पोट इतकं वारंवार बिघडलं की शेवटी त्यांनी विचारणं सोडलं. गणपतीत कुठल्या तरी मंडपातून आरतीचा आवाज आला की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचो. सगळ्यांबरोबर म्हणताना मी अडखळत नाही, आरती मला खणखणीत म्हणता आली असती. पण आरतीनंतर प्रसाद असतो, आणि प्रसाद हातावर ठेवताना माणसं विचारतात, आपण कुठले, नाव काय. मला माझ्या भाषेची भूक लागायची आणि मी तिच्यापासून लपून राहायचो. असं लपून राहणं सोपं नसतं. कधीकधी संध्याकाळी खोलीत मी मराठीत स्वतःशीच भरपूर बोलून घ्यायचो, न अडखळता, आणि मग गॅसवर खिचडी टाकायचो.

पुढे मी मुनिरका सोडून गुडगावलाच, नव्याने झालेल्या एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. निम्मी सोसायटी रिकामी होती. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर हसायचं, एवढंच. तोंड उघडायची वेळ यायची नाही, त्यामुळे मला ती जागा चांगली वाटली होती. पहिल्या हिवाळ्यात एकटेपणाने ती चांगली वाटेनाशी झाली.

त्याच हिवाळ्यात आमच्या ऑफिसात ती आली.

एक दिवस बॉस जेवणाच्या टेबलाशी आले, बरोबर एक मुलगी, तिशीला टेकलेली, गळ्यात मफलर. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला नवीन माणूस हवं होतं, त्या जागेवर ती आली होती. बॉसचा चेहरा पोराला सायकल आणून दिलेल्या बापासारखा फुलला होता. "लो जी," ते मला म्हणाले, "आपकी भाषा वाली ले आया. अब खुल के बोलो." आणि त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. बाकीचेही डबे सरकवून वळून बसले. इतकी वर्षं ज्याच्या तोंडात शब्द घातले तो माणूस आज स्वतःच्या भाषेत कसा सुसाट बोलतो ते सगळ्यांना ऐकायचं होतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला. पळून जावं म्हटलं तर दार बॉसच्या पाठीमागे होतं.

"न," मी म्हणालो. "न... न... नमस्कार."

ती लाल झाली. "नमस्कार. मी, म्हणजे, मला मराठी येते, पण," ती थांबली, छताकडे पाहिलं, "थोडी कच्ची. आम्ही सरोजिनी नगरचे. बचपनपासून. मतलब... लहान... लहानपणी..."

"हो," मी म्हणालो. "अ... अस्सं."

टेबलावर सगळे शांत बसून ऐकत होते. शेवटी बॉसनी दोन्ही हात मांडीवर आपटले आणि मान हलवत उठले. "मराठी बड़ी कठिन भाषा है यार," ते म्हणाले, "इनको ख़ुद टाइम लगता है."

सगळ्यांना ते पटलं.

जेवण झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "थँक्यू. तुम्ही माझ्यासाठी किती हळू बोललात. एकेक शब्द. घरी आई इतकी फास्ट बोलते, आणि मग माझ्यावर हसते."

मी तिच्याकडे बघत राहिलो. दुकानात दूध मागताना झाला तसाच हा गैरसमज, पण या वेळी माझ्याच भाषेत. मी मान हलवली.

मग रोज दुपारी आम्ही ऑफिसच्या मागच्या हिरवळीवर उन्हात बसू लागलो. दिल्लीकडे थंडीत सगळंच ऑफिस उन्हात येऊन बसतं, शेंगा आणि संत्री सोलत. आम्ही जरा बाजूला बसायचो, कारण तिला मराठीची प्रॅक्टिस करायची होती. तिच्या मराठीत बाबा तिला 'डांटायचे', तिला 'घबराहट व्हायची', आणि ती 'बाजारला जाऊन राहिली' असायची. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं, पण तिने दुरुस्त करायला सांगितलं होतं म्हणून मी दुरुस्त करायचो.

पण हे सगळं मी ज्यासाठी लिहितोय ते वेगळंच आहे. ती थांबायची. मी बोलता बोलता अडलो की ती हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघत राहायची. तिला पुढचा शब्द माहीत नसायचा, त्यामुळे तो माझ्या आधी म्हणून टाकणं तिला शक्यच नव्हतं. इकडेतिकडे न बघता, पाणी न देता, 'रिलॅक्स' न म्हणता ती वाट बघायची, आणि शब्द आला की तो स्वतःशी पुटपुटून ठेवून द्यायची. माझा शब्द कुणाला तरी हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी वाक्यं पूर्ण करू लागलो. गावाकडच्या विहिरीबद्दल सांगितलं, वडील वारले तेव्हा फोनवर मी नुसताच श्वास घेत राहिलो आणि भावाने फोन ठेवून दिला, तेही सांगितलं. इतकं लांब मी कुणाशीही बोललो नव्हतो. कधीकधी एका वाक्याला अर्धी शेंगांची पुडी संपायची. तिला घाई नव्हती.

एकदा तिने विचारलं, "साथ म्हणजे सोबत ना?"

मी म्हणालो, तसंच नाही. आमच्याकडे रात्री शेतावर जायचं असलं की आई विचारायची, सोबतीला कोण आहे. सोबतीच्या माणसाने काही करायचं नसतं, बोलायचंही नसतं. तो नुसता असला की पुरतं. हे सगळं सांगायला मला बराच वेळ लागला, कारण 'स' हा माझा जुना वैरी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे छान आहे. हिंदीत हे नाही." मला तेव्हाच कळलं की आपण या बाईच्या प्रेमात पडलो आहोत. घरी आल्यावर त्या रिकाम्या सोसायटीत मी जिने चढत गेलो, लिफ्ट असताना.

मी शिकवत गेलो आणि ती शिकत गेली. दुसरा हिवाळा आला तेव्हा ती मराठी मासिकं वाचू लागली होती, आईशी फोनवर भरभर बोलू लागली होती. एका दुपारी मी काहीतरी सांगत होतो, "कामाच्या रगाड्यात उ... उ..."

"उसंत!" ती म्हणाली आणि टाळी वाजवली. "उसंत नाही मिळाली. बरोबर?"

"शाब्बास," मी म्हणालो. दोघंही हसलो.

त्यानंतर हे वाढत गेलं. मी अडलो की तिच्या डोळ्यांत शब्द आलेला मला दिसायचा, आणि पुढच्या क्षणी तो तिच्या ओठांवर असायचा. ओशाळलो. लगबग. हुरहूर. सगळे मीच दिलेले, आणि सगळे बरोबर. हिंदीवाले माझ्या तोंडात चुकीचे शब्द घालायचे, ते एक वेळ परवडायचं. निदान मला जे म्हणायचं होतं ते माझ्यापाशी शिल्लक राहायचं. ही बरोबर शब्द घालायची आणि मला काही शिल्लकच ठेवायची नाही. मला तिचा राग यायचा. ती इतकी आनंदाने करायची की राग धरताही यायचा नाही. थांबा म्हणावं, तर 'थ' अडायचा आणि ती तोही पुरा करायची.

डिसेंबरमध्ये तिने सांगितलं, पुण्याचं एक स्थळ आलंय. मुलगा कॉम्प्युटरवाला आहे, घरचे शुद्ध मराठी बोलणारे. पहिल्या भेटीला ते तिच्या मराठीवर खूश झाले होते. "तुमच्यामुळे," ती म्हणाली. "आई म्हणते संक्रांतीनंतर कळवू या." मग शेंगेची टरफलं एका बाजूला गोळा करत म्हणाली, "मला कळतच नाही. माणूस चांगला आहे. पण मला अजून काही वाटत नाही."

संक्रांतीला तिच्या आईवडिलांच्या मंडळाची बस पानिपतला जाणार होती, तिथल्या काला अंब नावाच्या स्मारकाला. दिल्लीतली मराठी मंडळी दर वर्षी त्या दिवशी तिथे जातात, लढाईत गेलेल्यांना नमस्कार करायला. तिने मलाही चला म्हटलं. इतकी वर्षं मराठी माणसांना टाळून राहिलेला मी, बसभर मराठी माणसांबरोबर जायला तयार झालो. कारण मी ठरवलं होतं. होकार कळवायच्या आधी तिला विचारायचं.

वाक्य मी तयार केलं होतं. 'मला तुमची सोबत हवी आहे.' 'लग्न' म्हणायचं नव्हतं, ते मला फार मोठं वाटायचं. 'स' अडणार हे माहीत होतं, पण त्या शब्दाला पर्याय मला नको होता. फ्लॅटमध्ये मी ते वाक्य कितीदा म्हटलं असेल. गॅसपाशी, आंघोळ करताना, गॅलरीत समोरच्या बांधकामावरच्या क्रेनकडे बघत. एकदाही अडलो नाही.

बस पहाटे निघाली. जी. टी. रोडवर धुकं इतकं की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून चालवत होता. आत मंडळी स्वेटर, कानटोप्या घालून गाणी म्हणत होती, थर्मासमधला चहा फिरत होता. सगळ्यांबरोबर मीही गायलो, मोठ्याने. ती पुढच्या सीटवरून वळून बघून हसली. मला वाटलं, आज जमणार.

काला अंबला पोचलो तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. स्मारकाच्या खांबाला हार घातले गेले, कुणी थोडं बोललं, मग सगळे गप्प उभे राहिले. त्यानंतर डबे उघडले आणि तिळगूळ वाटायला सुरुवात झाली. तिच्या आईने माझ्या हातावर लाडू ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

घेणाऱ्यानेही तेच म्हणायचं असतं. बाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. "त," मी म्हणालो, "ति... ति..." मान ताणली गेली, डोळे मिटले गेले. डोळे उघडले तेव्हा त्या अजून तिथेच होत्या.

"लहानपणापासून आहे का हो?" त्यांनी विचारलं. सरळ, जसं एखाद्याला सर्दी आहे का विचारावं तसं.

इतक्या वर्षांत मला हे असं कुणी विचारलं नव्हतं. मला भरून आलं. मी 'हो' म्हणणार तेवढ्यात ती मधे आली. "काय गं आई. ते माझ्यामुळे. माझ्याशी हळू बोलून बोलून त्यांना सवय झालीय." तिने माझी बाजू घेतली होती, अगदी मनापासून. तिची आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुढच्या माणसाकडे वळली.

मग आम्ही दोघं कुंपणाच्या कडेने चालत गेलो. पलीकडे गव्हाचं शेत होतं, थोड्या अंतरावर धुक्यात संपलेलं. ती म्हणाली, "उद्या कळवायचंय. तुम्हीच सांगा. मी काय करू?"

मी थांबलो. तीही थांबली.

"मला," मी म्हणालो. "मला तुमची स... स..."

'स' अडला. मी जोर लावला नाही, डोळेही मिटले नाहीत. तिच्याकडे बघत राहिलो. आणि ती थांबली. पूर्वीसारखी, हातात तिळगुळाचा अर्धा लाडू तसाच धरून, माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटलं, अजून थोडं. एवढं थांबली तर येईल. येत होता तो. मला तो येताना जाणवत होता.

मग तिच्या डोळ्यांत शब्द आलेला मला दिसला. ते बघणं मी ओळखत होतो.

"सारखी आठवण येईल," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मलाही येईल हो. तुमची सारखी आठवण येईल. पुण्यात माझ्याशी इतकं सावकाश कोण बोलणार आहे?" मग नाक पुसून हसली. "बरोबर ओळखलं ना?"

संपवलेलं वाक्य पुन्हा उघडायला जी ताकद लागते ती अडखळणाऱ्या माणसापाशी नसते. ज्यांचं तोंड कधी अडलं नाही त्यांना हे समजणार नाही. 'नाही, ते नव्हतं म्हणायचं' एवढे चार शब्द, पण ते म्हणायला पुन्हा पहिल्यापासून दारापाशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि समोरचा आता वाट बघत नसतो. शिवाय ती म्हणाली ते खोटं नव्हतं. आठवण येणारच होती.

"हो," मी म्हणालो. 'हो' मला नेहमी पटकन म्हणता येतं.

"म्हणजे कळवू होकार?"

"हो."

परतीच्या बसमध्ये मंडळी पुन्हा गात होती. मी गायलो नाही. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि मी त्या काचेकडे बघत दिल्लीपर्यंत आलो. मला रडू येत होतं. ते मात्र कुठेच अडलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सोसायटी भरली, मोहरीची शेतं गेली, मेट्रो आली. बॉस निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणात त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगितलं, "इतने साल हो गए, बंदे ने हिंदी नहीं सीखी." सगळे हसले, मीही हसलो.

ती दर संक्रांतीला पुण्याहून फोन करते. तिची मराठी आता अशी धावते की मलाच मागे पडल्यासारखं होतं. मुलांचं सांगते, सासूबाईंचं सांगते, इकडच्या थंडीचं विचारते. मी उत्तर द्यायला लागलो की ती ते पूर्ण करते, आणि बहुतेक वेळा बरोबर करते. मग म्हणते, "तिळगूळ घ्या, गोड बोला," आणि माझं 'तुम्हीही' यायच्या आत फोन ठेवते. तिला घाई असते, घरात पाहुणे असतात.

फोन ठेवल्यावर मी गॅसवर चहा टाकतो, आणि उकळी येईपर्यंत ते वाक्य एकदा म्हणून घेतो. मला तुमची सोबत हवी आहे. मोठ्याने, सावकाश, 'स'सकट. अजून एकदाही अडलो नाही. घरात कुणीच नसतं.